दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीतील विद्युत-दोषांचे निदान

गोषवारा

अनेक वर्षे वापरात नसलेली मोटार पुन्हा चालू करताना जे विद्युत-दोष आढळतात, त्यांचे स्वरूप व कारणे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत. अशा मोटारीत बहुतेक वेळा उपकरणे नव्हे, तर उपकरणांना जोडणारे सांधे निकामी झालेले असतात. आणि प्रवाह वाहत नसताना घेतलेले मोजमाप हा दोष दाखवीत नाही. म्हणून भार चालू ठेवून विद्युतदाबातील घट मोजणे हीच निदानाची मुख्य पद्धत मानावी, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचन प्रामुख्याने कार्ब्युरेटरच्या पिढीतील भारतीय मोटारींपुरते मर्यादित आहे.

बीजशब्द : मोटार, बॅटरी, अर्थिंग, सांध्यातील रोध, विद्युतदाबातील घट, दोष-निदान

प्रस्तावना

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि १९८३ मध्ये अवतरलेली मारुती ८०० या तीन मोटारींनी भारतीय मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी संपले. ॲम्बॅसॅडर व मारुती ८०० यांचे २०१४ मध्ये थांबले. रस्त्यावरून त्या दिसेनाशा झाल्या, याचा अर्थ त्या नाहीशा झाल्या असा मात्र नव्हे. गावाकडच्या घराच्या पडवीत, वाड्याच्या अंगणात, गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर धुळीने माखलेल्या आच्छादनाखाली अशा कितीतरी मोटारी आजही उभ्या आहेत. मालक निवर्तलेला असतो, मुले परगावी असतात, आणि वडिलांची गाडी भंगारात घालण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

केव्हातरी निर्णयाचा दिवस येतो. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्या वेळी वाहनाची तपासणी होते आणि दिवे, हॉर्न, वायपर चालू स्थितीत असावे लागतात. घरातील मंडळी नवी बॅटरी आणतात, किल्ली फिरवतात आणि काहीच घडत नाही. क्वचित डॅशबोर्डाखालून धूर येतो. मग गॅरेजमधून दोनपैकी एक निकाल ऐकू येतो : ‘सगळे वायरिंग बदलावे लागेल’, किंवा ‘आधी सेल्फ बदलून पाहू’. दुसरा मार्ग धरल्यास सेल्फनंतर कॉइल, कॉइलनंतर अल्टरनेटर अशी मालिका सुरू होते. खर्चाचा अंदाज मोटारीच्या बाजारभावापलीकडे गेला की ती भंगाराच्या वजनावर जाते. हा निर्णय कधीकधी योग्यही असतो. परंतु तो मोजमापावर आधारलेला असावा, एवढीच अपेक्षा येथे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी रत्नागिरीसारख्या किनारी गावात सहा पावसाळे पडवीत उभी राहिलेली एक मोटार गृहीत धरली आहे. पुढील आकडेमोड तिच्या संदर्भात वाचावी.

न वापरल्याने नेमके काय बिघडते

यंत्र वापरल्याने झिजते, हे सर्वांना ठाऊक असते; न वापरल्यानेही ते बिघडते, हे तितकेसे ध्यानात येत नाही. मोटारीतील कोणतेही बटण दाबले असता आतील दोन धातूंची टोके एकमेकांवर किंचित घासतात. या घासण्याने, आणि परिपथ तुटताना उडणाऱ्या सूक्ष्म ठिणगीने, त्यांवरील ऑक्साइडचा पातळ थर दररोज खरवडला जातो. म्हणजेच नित्य वापर हीच या संपर्कबिंदूंची साफसफाई होय. वापर थांबला की ती थांबते आणि थर वाढत राहतो.

कोकणात यात मीठ मिसळते. सागरी हवेतील मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही आर्द्रता नित्याचीच असते. त्यामुळे पावसाचा एक थेंबही न लागता सांध्यावर खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. त्या सांध्यात पितळ किंवा तांबे आणि पोलाद एकत्र आलेले असतील, तर तेथे एक लहानसा विद्युतघटच निर्माण होतो व पोलाद गंजत जाते. तांब्यावर चढणारे हिरवट किटण ही याच प्रक्रियेची दुसरी बाजू. विदर्भ-मराठवाड्यात मीठ नाही, पण तेथे उन्हाळा तारेवरील प्लास्टिकच्या आवरणाला कडक व ठिसूळ करतो. उंदीर आणि घुशी मात्र सर्व विभागांत सारख्याच कर्तव्यदक्ष असतात.

बॅटरीची कथा वेगळी आहे. गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही तत्त्वतः तीच आहे. ती वापरली नाही तरी आतल्या आत विसर्जित होते, आणि तापमान वाढले की हा वेग झपाट्याने वाढतो. विसर्जनात पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच पुनर्भारण केल्यास ते पुन्हा विरघळते. महिनोन्‌महिने तसेच राहिल्यास त्याचे मोठे कठीण स्फटिक बनतात व पट्टीचा तो भाग कायमचा निरुपयोगी होतो. सहा वर्षे पडून राहिलेली बॅटरी चार्जिंगला लावून जिवंत होईल, ही आशा धरू नये. ती काही तासांनी १२.६ व्होल्ट दाखवीलही, परंतु सेल्फचा भार येताच कोसळेल.

मोटारीचा सांगाडा हीसुद्धा एक तारच

घरातील विद्युतजोडणीत जाण्याची आणि येण्याची तार वेगळी असते. मोटारीत येण्याची तार बहुतांशी नसतेच. तिचे काम पोलादी सांगाडा करतो. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने सांगाड्याला, आणि सांगाडा दुसऱ्या पट्टीने इंजिनाला जोडलेला असतो. प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपरची मोटर आपला प्रवाह जवळच्या स्क्रूमार्फत सांगाड्यात सोडते. यामुळे तांब्याची बचत होते. पण प्रत्येक परिपथाचा अर्धा भाग गंजणाऱ्या पोलादावर अवलंबून राहतो.

गॅरेजमधील बोलीत यालाच ‘अर्थ’ म्हणतात, जरी रबरी चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीचा पृथ्वीशी काहीही विद्युतसंबंध नसतो. एक सावधगिरी येथेच नमूद करावयास हवी. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या अनेक मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. पुढे ऋण टोक जोडण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. साठ-सत्तर वर्षांच्या मोटारीत नवी बॅटरी बसवण्यापूर्वी जुन्या पट्टीचे कोणते टोक सांगाड्याला गेले आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. टोके उलट जोडल्यास अल्टरनेटरमधील डायोड क्षणार्धात जळतात.

अर्थ बिघडल्याची लक्षणे कधीकधी चमत्कारिक असतात. ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटर मंद उजळतो, किंवा पार्किंगचे दिवे अंधूक होतात. मेस्त्री अशा वेळी तारा एकमेकींना चिकटल्याचा तर्क करतो. वास्तविक मागील दिव्यांच्या संचाला एकच सामाईक अर्थ असतो. तो तुटला की ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह परतीचा रस्ता शोधत शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलटा वाहतो व त्या परिपथातून अन्यत्र सांगाड्यापर्यंत पोहोचतो. एक स्क्रू काढून, खालचा गंज पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळला की सर्व चमत्कार थांबतात. इंजिन व सांगाडा यांमधील पट्टी तुटली असेल, तर सेल्फचा प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या पोलादी केबलमधून वाट काढतो. केबल चटका बसण्याइतकी तापते. हे लक्षण ज्याने एकदा पाहिले, तो ते विसरत नाही.

मोजमाप असूनही दिशाभूल का होते

निदानातील खरी अडचण येथे आहे. मल्टिमीटर हाती असूनही निष्कर्ष चुकतो, कारण काय मोजावे यापेक्षा केव्हा मोजावे हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

हेडलाइट लागत नाही म्हणून त्याच्या सॉकेटवर मीटर लावला आणि १२.५ व्होल्ट दिसले, असे समजू. ‘येथपर्यंत करंट येतो आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सामान्यतः १ कोटी ओहम असतो. वाटेतल्या किटण चढलेल्या सांध्याचा रोध १०,००० ओहम असला, तरी मीटरच्या तुलनेत तो हजारात एक एवढाच. मीटर जवळजवळ पूर्ण दाब दाखवणारच. त्याच सांध्यातून दिव्याला लागणारे साडेचार-पाच अँपिअर मात्र कदापि जाणार नाहीत. मीटरने खोटे सांगितलेले नसते. प्रवाह वाहत नसताना काय स्थिती आहे, एवढेच त्याने सांगितलेले असते.

दुसरा प्रघात म्हणजे परिपथ बंद ठेवून रोधच मोजणे. १०,००० ओहमचा सांधा त्यात सापडतो, पण सेल्फच्या परिपथातील ०.०५ ओहमचा सापडत नाही. कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध याहून अधिक असतो. ‘बीप’ वाजला म्हणजे जोडणी ठीक, ही समजूत तर अधिकच फसवी.

आता ०.०५ ओहम म्हणजे किती, हे ओहमच्या १८२७ च्या नियमाने पाहता येईल. गृहीत मोटारीत बॅटरीच्या अर्थपट्टीखालील गंजाने एवढाच रोध निर्माण केला आहे. एका हेडलाइटचे ५ अँपिअर त्यातून जाताना फक्त ०.२५ व्होल्ट खर्ची पडतात. दिवा लख्ख दिसतो. सेल्फ फिरवताना ८२ अँपिअर वाहू लागले, तर त्याच सांध्यात ४.१ व्होल्ट नाहीसे होतात. ‘दिवे चांगले लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे, सेल्फच गेला’ हा गॅरेजमधील सर्वाधिक प्रचलित तर्क नेमका येथे फसतो. दिवे आणि सेल्फ यांच्या मागणीत पंधरा-वीस पटींचा फरक आहे. लहान मागणी पुरवणारा सांधा मोठी मागणी पुरवीलच असे नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील आकृत्यांत तार ही केवळ रेघ असते व तिचा रोध शून्य मानतात, या सवयीचाही या तर्कात थोडा वाटा असावा.

यावरील उपाय म्हणजे भार चालू ठेवून दाबातील घट मोजणे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरावे. हा खुंट महत्त्वाचा. त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर टोक धरल्यास खुंट व क्लॅम्प यांच्यामधील दोष निसटतो. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून साहाय्यकाला किल्ली फिरवण्यास सांगावे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलकडे येणारी बारीक तार आधीच काढून ठेवावी. सुस्थितीतील अर्थमार्गात ही घट ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असते. गृहीत मोटारीत बॅटरीवर ११.४ व्होल्ट, अर्थमार्गात ४.१ व्होल्टची घट, धन बाजूच्या केबलमध्ये ०.५ व्होल्टची घट असे वाचन मिळाले. म्हणजे सेल्फच्या वाट्याला आले ६.८ व्होल्ट. एवढ्यावर तो फिरणार नाही, आणि तो न फिरण्यात त्याचा काही दोषही नाही.

यानंतर मीटरचे दुसरे टोक इंजिनाकडून बॅटरीकडे एकेक पायरीने मागे आणत जावे : सांगाडा, पट्टीचे लग, केबल, क्लॅम्प. ज्या पायरीवर वाचन एकदम घटते, त्या पायरीच्या अलीकडच्या व पलीकडच्या बिंदूंमध्येच दोष असतो. हरवलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तेथेच प्रकटते. ४.१ व्होल्ट व ८२ अँपिअर म्हणजे सुमारे ३३६ वॅट. नखाएवढ्या जागेत साठ वॅटच्या पाच-सहा सोल्डरगन एकवटल्यासारखे हे आहे. म्हणून मीटर नसला तरी काही सेकंद सेल्फ मारून प्रत्येक सांध्याला सावधपणे हात लावून पाहणारा अनुभवी मेस्त्री अशास्त्रीय असे काहीच करीत नसतो.

सेल्फ न फिरण्याचा दोष असा सापडल्यास लग काढून त्याचा व सांगाड्याचा पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. जेली आधी नव्हे, नंतर.

पहिली जोडणी

वास्तविक या सर्वांच्या आधीची पायरी म्हणजे नवी बॅटरी जोडणे, आणि सर्वाधिक नुकसान याच क्षणी होते. बॅटरीची दोन टोके थेट जुळली तर काहीशे अँपिअर वाहू शकतात. उंदराने कुरतडलेली तार सांगाड्याला टेकलेली असेल आणि तो परिपथ फ्यूजविना असेल, तर तारेचे आवरण काही सेकंदांत वितळते व जुडग्यातील शेजारच्या तारांनाही घेऊन जळते. जुन्या मोटारींत सेल्फची मुख्य केबल, चार्जिंग व ज्वलनाचा परिपथ बहुधा फ्यूजच्या संरक्षणाबाहेर असतात, हे येथे विसरता येत नाही. जवळच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची जुनी रबरी नळी असते. ‘किल्ली फिरवून तर पाहू’ या अधीरतेपायी दुरुस्त होण्याजोगी मोटार कायमची हातची जाते ती अशी.

यासाठी एक स्वस्त उपाय आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्यावा व बॅटरीचे अर्थ टोक आणि सांगाड्याची पट्टी यांच्यामध्ये एकसर जोडावा. आता मोटारीत कोठेही थेट संपर्क असला, तरी पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह वाहूच शकत नाही. किल्ली बंद, दरवाजे बंद, सर्व बटणे बंद असताना बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. तो पूर्ण तेजाने पेटला तर कोठेतरी तार सांगाड्याला भिडली आहे. फ्यूज एकामागून एक काढत गेल्यास ज्या फ्यूजबरोबर बल्ब विझतो, तो परिपथ दोषी. सर्व फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिल्यास शोध फ्यूजविना असलेल्या मोठ्या केबलींकडे वळवावा. ही परीक्षा पार पडल्यावरच बल्ब काढून पट्टी थेट जोडावी. अर्थचे टोक काढताना सर्वांत आधी आणि जोडताना सर्वांत शेवटी, हा नियम गॅरेजमध्ये पाठ असतो. त्याचे कारण असे की अर्थ सुटलेला असताना धन टोकावरील पाना सांगाड्याला टेकला तरी परिपथ पूर्ण होत नाही.

बॅटरी जोडण्यापूर्वी आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करावे, प्रत्येक फ्यूज त्याच्या पकडीत थोडा फिरवावा, प्रत्येक जोड काढून पुन्हा बसवावा. सहा वर्षांत जी घासणी झाली नाही, ती पाच मिनिटांत भरून काढण्याचा हा प्रकार आहे. अर्ध्याहून अधिक किरकोळ तक्रारी येथेच मिटल्या, तर आश्चर्य वाटू नये.

सेल्फ, ज्वलन आणि चार्जिंग

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपू लागले. मराठीत ‘सेल्फ-स्टार्टर’ मधला ‘सेल्फ’ तेवढा टिकला. सहा वर्षे उभ्या मोटारीत सेल्फ फिरवण्यापूर्वी इंजिन हाताने फिरते का, हे पाहणे आवश्यक आहे. गंजाने पिस्टन अडकला असेल तर सेल्फ अमाप प्रवाह घेतो आणि दोष विद्युत नसतानाही विद्युत वाटतो. केवळ ‘टक्’ असा आवाज येत असेल तर सोलेनॉइड काम करतो आहे, पण मुख्य प्रवाह अपुरा आहे. वर सांगितलेली मोजणी आधी करावी. सेल्फला कार्यरत असताना साडेनऊ-दहा व्होल्टहून अधिक मिळत असूनही, आणि इंजिन मोकळे असूनही तो फिरत नसेल, तरच तो उतरवावा. तेव्हाही बहुधा अडकलेले कार्बन ब्रशच सापडतात.

ज्वलन-परिपथात पॉइंटची जोडी ही दीर्घ विश्रांतीची पहिली बळी असते. तिच्यावरील ऑक्साइडमुळे प्राथमिक परिपथ पूर्णच होत नाही, मग ठिणगी कोठून पडणार? बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने पॉइंट साफ करून कोऱ्या कागदाची पट्टी त्यांमधून ओढावी. या कामात किल्ली चालू ठेवून रेंगाळू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन थांबलेले असेल तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहतो व ती तापून निकामी होते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत ओल व बुरशी असल्यास उच्च दाबाची ठिणगी प्लगऐवजी टोपीच्या पृष्ठभागावरूनच मार्ग काढते आणि तेथे कोळशाची बारीक रेघ उमटवते. अशी रेघ दिसल्यास टोपी बदलणे हाच उपाय. पेट्रोल जुने असल्यास ते काढून टाकावे. त्याचा विचार येथे अप्रस्तुत आहे.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. ते १२.५ च्या खालीच राहत असतील तर अल्टरनेटर बदलण्याआधी डॅशबोर्डावरील चार्जिंगच्या लाल दिव्याकडे पाहावे. किल्ली चालू करताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लागला पाहिजे. बहुतेक अल्टरनेटरांत आरंभीचा चुंबकीकरणाचा प्रवाह याच दिव्यामार्फत जातो; काही रुपयांचा तो बल्ब उडालेला असेल तर सुस्थितीतील अल्टरनेटरही मुकाट बसतो. त्याहून जुन्या डायनॅमोचा प्रश्न निराळा आहे. त्याच्या लोखंडी गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वावर त्याची सुरुवात अवलंबून असते, आणि वर्षानुवर्षांच्या विश्रांतीत ते क्षीण होऊ शकते. क्षेत्र-वेटोळ्याला बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन ते पुन्हा जागवता येते. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढण्याची रीत मात्र अल्टरनेटरच्या मोटारीत सर्वस्वी त्याज्य आहे. दाब एकदम उसळून डायोड फुटतात.

दिव्यांच्या बाबतीत एक आकडा पुरेसा आहे. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो; म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मंद हेडलाइटसाठी अधिक वॅटचा बल्ब घालण्याचा उपाय म्हणूनच उलटा पडतो. अधिक प्रवाह, सांध्यात अधिक घट, अधिक उष्णता आणि शेवटी वितळलेले सॉकेट.

अलीकडच्या मोटारी

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या मोटारीत वरील सर्व दोष असतातच, शिवाय एक नवा असतो. बंद मोटारही घड्याळ, अलार्म व संगणकाच्या स्मृतीसाठी थोडा प्रवाह घेत राहते. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे अठ्ठेचाळीस दिवसांत रिकामी होते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत दोन-दोन महिने उभ्या राहिलेल्या मोटारी जून महिन्यात सुरू न होण्यामागे मोठे गूढ नव्हते. अशा मोटारीत कमी दाबामुळे संगणक अनेक खोट्या दोष-संकेतांची नोंद करतो. चांगली बॅटरी बसवून, अर्थ साफ करून ते संकेत एकदा पुसावेत आणि जे पुन्हा उमटतील तेवढेच खरे मानावेत.

संपूर्ण वायरिंग केव्हा बदलावे

ते कधीच बदलू नये, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. निकष तीन आहेत. इंजिनाजवळची एखादी तार बोटाभोवती वाकवून पाहावी. आवरणाला तडे जाऊन तांबे उघडे पडत असेल तर त्या भागातील सर्वच तारांचे आयुष्य संपलेले आहे. दुसरे, तारेच्या टोकाकडील आवरण पाच सेंटिमीटर सोलून पाहावे. आतील तांबे लालसर असेल तर फक्त लग बदलून भागते. काळेभोर असेल तर केशाकर्षणाने ओल आवरणाखालून आत शिरली आहे, आणि आणखी सोलत गेल्यास बहुधा काळेच तांबे मिळत राहते. त्यावर सोल्डरही धरत नाही. तिसरे, जुडगा एकदा जळलेला असेल तर वरून शाबूत दिसणाऱ्या तारांवरही विश्वास ठेवता येत नाही. उंदराने एक-दोन ठिकाणी कुरतडल्याने मात्र पूर्ण वायरिंग बदलण्याचे कारण उद्भवत नाही. तेवढा तुकडा त्याच जाडीच्या तारेने, शक्यतो त्याच रंगाच्या, दाबजोडणी करून किंवा सोल्डर करून बदलावा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड दोन उन्हाळे टिकतो. पुढे टेपचा डिंक वितळून तो सुटतो आणि नव्या सांध्याचा जुना दोष सुरू होतो.

गृहीत मोटारीत पहिले दोन निकष पुढच्या डाव्या हेडलाइटच्या तारांना लागू पडले, उर्वरित जुडग्याला नाही. तेव्हा अंदाजपत्रकात असावयास हवे ते इतके : एक बॅटरी, एक अर्थपट्टी, पॉइंटची जोडी, दीड मीटर तार, काही लग, आणि ऑटो इलेक्ट्रिशियनची एक-दोन दिवसांची मजुरी. ही रक्कम आणि भंगाराचा भाव समोरासमोर ठेवून मग कुटुंबाने काय ते ठरवावे.